चीजचा पाव आणि डॉक्टरची जुनी चूक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली एक मुलगी पुण्याहून येताना विजेवर चालणारा छोटा ओव्हन घेऊन आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिने घरीच मैदा मळला, यीस्टने फुगवला, प्रत्येक गोळ्याच्या पोटात चीजचा एकेक तुकडा घातला आणि वरून लोणी फासून लिंबाएवढ्या गोळ्यांचे मुठीएवढे पाव भाजून काढले. आठ पावांतले दोन फडक्याखाली झाकून आमच्याकडे आले. चव खरोखर छान होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण डॉक्टरला दुसऱ्याने चांगले खाल्लेले बघवत नाही, असा समज असलेले वाचक उमरीत पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही माझ्याच घरात राहतात.

पुढच्या दोन दिवसांत त्या पावांवरून दवाखान्यात तीन प्रश्न आले. पहिला त्या मुलीच्या आईचा. धाकट्याला ते पाव इतके आवडले की तो रोज डब्यात तेच मागतो आहे; घरचेच आहे, मग द्यायला काय हरकत आहे? दुसरा प्रश्न नव्हता, रडे होते. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने पाव हाती येताच चावला. वरून कोमट, आत उकळते चीज. टाळूला फोड आला. तिसरा प्रश्न एका सत्तरीच्या मावशींचा. त्यांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली आहेत. त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, पोरीनं पाव दिला, लई मऊ हाय. दोन खाल्ले. मला चालतंय ना? तुमीच तर म्हणला होता की आजाऱ्यानं पाव-दूध खावं, भाकर जड पडती."

वाचकहो, हा तिसरा प्रश्न मला लागला. कारण मावशी खोटे बोलत नव्हत्या.

मी या गावात दवाखाना थाटला तो काळ आठवतो. विषमज्वराचे रुग्ण पुष्कळ असत. ताप उतरला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारीत, "खायला काय द्यायचं?" आणि मी, माझ्या आधीच्या डॉक्टरांसारखाच, पाठ केलेले उत्तर देई, "भाकरी-चटणी बंद. दूध-ब्रेड द्या, बिस्किट द्या, हलके खाऊ द्या." आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस हातात ब्रेडचा पुडा किंवा बिस्किटांचा पुडा घेऊन जाई. अजूनही जातो. जुनी माणसे पावाला 'डबलरोटी' म्हणत, कारण आपला मुलूख हैदराबाद संस्थानातला आणि उमरी तर निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे गाव. शब्द तिकडूनच आला. पण खेड्यात त्या डबलरोटीचे खरे नाव होते 'आजाऱ्याचे खाणे'. धडधाकट माणसाने ब्रेड खाल्ला तर "काय झालं रे तुला?" असे विचारीत.

पावाचे नशीब पाहा. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि आपला 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. यीस्ट मिळेना म्हणून गोव्यातल्या पदेरांनी माडाच्या ताडीने पीठ फुगवले. इकडे देशावर पाव बाटवतो, असा धाक शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर ग्रामण्य झाले. तोच पाव पुढे डॉक्टरांच्या तोंडून औषध होऊन घरात शिरला, आणि आता चीज पोटात घालून पक्वान्न झाला आहे. बाटवणाऱ्या पावापेक्षा औषधाच्या पावाने आपले नुकसान जास्त केले, असे माझे मत झाले आहे.

ज्वरातून उठलेल्या अशक्त माणसाला चार दिवस दूध-ब्रेड दिले तर बिघडत नाही. बिघडले ते याच्यामुळे की 'चार दिवस' हे शब्द मी कधी उच्चारलेच नाहीत. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ असा घेतला की भाकरी जड आणि म्हणून वाईट, पाव हलका आणि म्हणून चांगला. मग पुढे ज्याला मधुमेह झाला, रक्तदाब झाला, म्हणजे जो 'कायमचा आजारी' झाला, तो कायमचा पाव-टोस्टवर गेला. या मावशी त्यांतल्याच. सकाळी चहात चार टोस्ट, संध्याकाळी चहात चार टोस्ट, रात्री दुधात बुडवलेला ब्रेड. गोड तर त्या शिवतही नाहीत. प्रसादाचा पेढासुद्धा नातवाला देतात. आणि साखर मात्र तीनशेच्या खाली येत नाही. मी दर वेळी गोळी वाढवत गेलो.

पाव हलका लागतो, कारण तो हवेने फुगलेला असतो. वजनाने हलका म्हणजे पचायला हलका नव्हे आणि साखरेला तर मुळीच हलका नव्हे. मैदा म्हणजे कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला गहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅमच्या वर आणि मैद्यात पावणेतीन ग्रॅम दाखवला आहे. उष्मांक तिन्हींचे जवळपास सारखेच. फरक पडतो तो चोथ्याने. चोथा असला की अन्नातला पिष्टांश सावकाश साखरेत बदलतो. चोथा नसला की साखर झटकन रक्तात चढते.

आता त्या मुलीच्या चीजच्या पावाचा हिशेब मांडू. प्रमाण तिच्याकडूनच विचारून घेतले. पाव किलो मैदा, चहाचा एक चमचा यीस्ट, मोठा चमचाभर साखर, चहाचा पाऊण चमचा मीठ, तीस ग्रॅम लोणी, दीडशे मिलिलिटर कोमट दूध, आणि सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर डब्यातले प्रक्रिया केलेले चीज. यांत आठ पाव झाले. म्हणजे एका पावात मैदा तीस ग्रॅमच्या आसपास आणि चीज पंधरा ग्रॅम. उष्मांक साधारण दोनशे. पिष्टांश आणि साखर मिळून पंचवीस ग्रॅम. मीठ मळताना अर्धा ग्रॅम गेले आणि जवळजवळ तेवढेच चीजमधून आले. एका पावाला एक ग्रॅम मीठ.

एक ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मुलांना त्याहून कमी. तीन पाव खाल्ले, आणि मऊ असल्यामुळे तीन सहज जातात, की दिवसाच्या मिठाचा निम्म्याहून जास्त कोटा संपला. वर आपला ठेचा आहे, लोणचे आहे, पापड आहे, दिवाळीचा चिवडा आहे. चीज खारट लागत नाही, ही त्याची लबाडी. प्रक्रिया केलेले चीज तापवल्यावर तूप आणि पाणी वेगळे होऊ नये म्हणून त्यात सोडियमचे क्षार घालावे लागतात. ते सोडियम जिभेला कळत नाही, पण रक्तदाबाला कळते. त्या क्षारांत बहुधा फॉस्फेट असते. म्हणून ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांनी हा पाव चवीपुरताच खावा, किंवा खाऊच नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रौढांपैकी शंभरात अकरा जणांना मधुमेह आणि पस्तीस जणांना उच्च रक्तदाब. तेव्हा 'आमच्या घरी कुणाला नाही' असे म्हणण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.

इतके लिहिले म्हणजे चीज वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. शंभर ग्रॅम चीजमध्ये वीस ग्रॅम प्रथिने असतात, कॅल्शियम असते. ज्यांना दूध पिऊन पोट फुगते त्यांनाही थोडे चीज बहुधा सोसते. पण पावात ते पंधरा ग्रॅमच आहे. "चीज घालते डॉक्टर, म्हणजे कॅल्शियम मिळतं ना?" असे त्या आईने विचारले. तेवढे कॅल्शियम अर्ध्या कप दुधात आहे. न सोललेल्या तिळाच्या एका मोठ्या चमच्यातही जवळजवळ तितके असते, जरी तिळातले अंगी लागायला थोडे कमी लागते. डब्यात रोज देण्याइतके मोठे कारण हे नव्हे.

तिला मी सांगितले ते असे. महिन्यातून एखादा रविवार ठेवा. सगळ्यांनी मिळून करा; मुलाला पीठ मळू द्या, फुगताना पाहू द्या. त्यालाही कळू द्या की एका पावामागे तीन तासांची खटपट आहे. त्या दिवशी त्याने एक खावा, फार तर दोन, सोबत काकडी-टोमॅटो किंवा मोड आलेली मटकी. लोणच्याची बरणी त्या दिवशी खाली उतरवू नका. बाकीच्या दिवशी डब्यात पोळी-भाजी, दशमी, धपाटे. डब्यातले धपाटे पाहून वर्गातली मुले हसतात, असे तिने सांगितले. हसणाऱ्या मुलांच्या आया हा स्तंभ वाचत असतील, तर त्यांनी जरा लक्ष घालावे.

घरी करण्याचा एक फायदा मी मनापासून मान्य करतो. आत काय घातले ते आपल्याला माहीत असते. बाहेरच्या भाजलेल्या मालाची गोष्ट वेगळी. पाव फुलवण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट आपल्याकडे २०१६ पर्यंत चालत होते. त्या वर्षी दिल्लीतल्या एका संस्थेने ब्रेडच्या तपासण्या जाहीर केल्या आणि मगच सरकारने ते बंद केले. वनस्पती तुपातल्या घातक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ मध्ये. म्हणजे नियम आता बरे आहेत; पण खारी, टोस्ट, नानकटाई यांत मैदा, साखर आणि थिजलेले तेल असतेच, हे नियमाने बदलत नाही. मावशींचे आठ टोस्ट त्यांतलेच होते.

चीज विकत घेताना मात्र डोळ्यांवर चष्मा चढवा. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत वनस्पती तेल, पाम तेल असे शब्द दिसले आणि 'ॲनालॉग' असे लिहिलेले असले, तर ते दुधाचे चीज नव्हे, चीजसारखे काहीतरी आहे. ते विष नाही, पण दुधाच्या भावाने घेऊ नका आणि कॅल्शियम-प्रथिनांसाठी तर मुळीच घेऊ नका. काही शाकाहारी मंडळी विचारतात की दूध गोठवायला जनावराच्या पोटातला पदार्थ वापरतात, हे खरे का? पूर्वीपासूनची रीत तीच. आता सूक्ष्मजीवांपासून काढलेले विरजणही वापरतात. पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्या. यीस्टबद्दलही विचारतात. यीस्ट ही एक प्रकारची बुरशी आहे, जिलेबीचे पीठ आंबवणाऱ्यांच्या जातकुळीतली. भट्टीत ती मरून जाते. पोटात जाऊन फुगत बसत नाही. पोट फुगते ते पाव कच्चा राहिला म्हणून, किंवा चार खाल्ले म्हणून.

माझ्या मते चीजपेक्षा घरचे पनीर आपल्या गावाला जास्त शोभते. लाल कंधारी आणि देवणी या दोन नामांकित गायी याच मुलखातल्या. एक लिटर गाईचे दूध उकळून लिंबू पिळले की दीडशे ग्रॅमच्या पुढे पनीर पडते. फडक्यात बांधून तासभर वजनाखाली ठेवा. पाणी राहिले तर पाव आतून चिकट होतो. मग त्यात कुस्करलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, भाजलेले तीळ आणि चिमूटभर मीठ. चीजसारखी तार निघणार नाही, हे खरे. पण मीठ तुमच्या हातात राहते. दूध उकळायचेच, हे सांगायला नको असे वाटेल, पण सांगतो. न उकळलेल्या दुधाचे चीज घरी करण्याच्या कृती हल्ली मोबाइलवर फिरतात. गाभ टाकणाऱ्या जनावरांच्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू माणसात येतो. मग येऊन-जाऊन ताप, घाम, कंबरदुखी असे महिनोन् महिने चालते. विषमज्वर म्हणून उपचार होत राहतात आणि रोग तिसराच असतो. ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मैद्याऐवजी अर्धी कणीक घातली तरी पाव चांगला होतो. पाणी थोडे जास्त लागते आणि फुगायला वेळ द्यावा लागतो. ज्वारीचे पीठ पाचव्या हिश्श्यापर्यंत चालते. त्यापुढे पाव बसतो. ज्वारीत गव्हासारखा चिवट पदार्थ नसतो. त्याच कारणाने भाकरी थापावी लागते, पोळीसारखी सहज लाटता येत नाही. ओव्हन नसला तर जाड बुडाची कढई, आत मिठाचा थर, त्यावर जाळी आणि ताटली, वर घट्ट झाकण. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. काही जणी कुकरमध्ये भाजतात. त्यांनी शिट्टी आणि रबर काढल्याशिवाय ज्योत पेटवू नये. आणि वीज गेली म्हणून अर्धवट भाजलेला पाव मुलांना देऊ नये.

टाळू भाजलेल्या मुलाचे सांगायचे राहिले. पावाची वरची बाजू पाच मिनिटांत हाताला सोसते, पण आतले चीज तेवढ्यात निवत नाही. पाव त्याला गोधडीसारखा धरून ठेवतो. शिवाय चीज चिकटते, थुंकून निघत नाही. पंधरा मिनिटे थांबा, फोडून पाहा, मगच लहानांच्या हातात द्या. तोंड भाजलेच तर गार पाणी चुळीत धरायला लावा, गार दूध द्या. हात भाजला तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नका. त्या मुलाच्या टाळूला आधी तूप लावून मग माझ्याकडे आणले होते. पाच-सहा दिवसांत तो बरा झाला आणि आता गार पावसुद्धा फुंकर मारून खातो.

मावशींकडे परत येतो. त्या दिवशी मी त्यांना ओरडणार होतो, पण त्यांनी माझेच वाक्य माझ्यापुढे ठेवल्याने तोंड बंद झाले. मग विचारले, "मावशी, खरं सांगा, भाकरी का सोडली? मी म्हणालो म्हणून, की आणखी काही?" त्या हसल्या. हसल्यावर दिसले. वर तीन दात, खाली दोन, तेही हलणारे. "चावतच नाही साहेब. पाव कसा तोंडात इरघळतो." बारा वर्षे मी या बाईची साखर मोजली, डोळे तपासायला पाठवले, पाय पाहिले. तोंड एकदाही उघडून पाहिले नव्हते. मधुमेहाने हिरड्या खराब होतात, दात हलतात. दात गेले की माणूस मऊ खाण्याकडे वळतो. मऊ खाणे म्हणजे आपल्याकडे मैदा. त्याने साखर आणखी चढते. हे चक्र पुस्तकात होते, माझ्यासमोर खुर्चीत बसलेले होते, आणि मी गोळीचे मिलिग्रॅम वाढवत होतो.

त्यांना नांदेडला दंतवैद्याकडे पाठवले. हलणारे दात काढून कवळी बसायला अडीच-तीन महिने गेले. तोवर टोस्टऐवजी ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर, पातळ वरणात कुस्करलेली एक भाकरी, मऊ शिजवलेली मुगाची डाळ, मेथी-पालकाचे गरगट. "मोजून एक भाकरी," असे दोनदा बजावले. कारण ज्वारी मधुमेहाला चांगली म्हणून चार-चार भाकऱ्या खाणारे रुग्णही माझ्याकडे येतात, आणि ज्वारीचीही शेवटी साखरच होते. या बदलाने मावशींची उपाशीपोटीची साखर तीन महिन्यांत एकशे साठवर आली. एक गोळी कमी करता आली. वाचकांनी मात्र स्वतःची गोळी स्वतः कमी करू नये. खाणे बदलल्यावर तीच गोळी जास्त होऊन साखर एकदम उतरू शकते, घाम सुटतो, हातपाय कापतात. तपासून डॉक्टरांना ठरवू द्या.

संक्रांतीला ती मुलगी पुन्हा पुण्याहून आली आणि पुन्हा पाव झाले. या खेपेला अर्धी कणीक होती आणि आत पनीर-तीळ. मावशींनी निरोप पाठवला, "डाक्टरसाहेबांना इचारा, अर्धा खाऊ का?" खा म्हणून सांगितले, त्या जेवणात भाकरी अर्धीच घ्या, असेही सांगितले. उरलेला अर्धा त्यांनी फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवला. पनीर घातलेला पाव रात्रभर बाहेर ठेवू नये, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकून गरम करावा, हे त्यांना सांगायला मी विसरलो होतो.